अपंगत्वाचे माप : अवयवाचे की दिवसाचे?

शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाची तपासणी संपली की अपंग व्यक्तीच्या हाती जे प्रमाणपत्र पडते, त्याचा सारा अर्थ एका आकड्यात एकवटलेला असतो. अपंगत्व किती टक्के, एवढेच त्या कागदाला विचारले जाते आणि एवढेच तो सांगतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते २१ केले. प्रकार तिपटीने वाढले, उंबरठा मात्र ४० टक्क्यांचाच राहिला. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागा, उच्च शिक्षणातील आरक्षण हे सारे या उंबरठ्याच्या आत. केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातील अपंग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्क्यांची अट. ज्या आकड्यावर एवढी मोठी वाटणी अवलंबून आहे, तो आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. सार्वजनिक पैसा कोणाकडे जावा आणि तो कामी आला की नाही हे कसे कळावे, असा तो प्रश्न आहे. म्हणूनच तो अर्थशास्त्राचाही आहे.

स्थूलमानाने पाहता ही टक्केवारी शरीराच्या हानीची आहे. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत किती जोर उरला आहे, पाय कोणत्या ठिकाणी कापला गेला, यांवरून ती ठरते. गुडघ्याखालचा पाय गमावलेले दोन इसम घ्या. एक जिल्हा परिषदेच्या कचेरीत टेबलाशी बसून काम करणारा कारकून. दुसरा दर हंगामाला बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीला जाणारा मजूर. पाय एकाच जागी कापला गेला असेल तर दोघांची टक्केवारी एकच. पहिल्याची नोकरी टिकते; दुसऱ्याच्या हातचा कोयता सुटतो आणि त्याबरोबर घरची उचलही बंद होते. आकडा नियमाप्रमाणे अचूक आहे, परंतु या दोन संसारांतील अंतराविषयी तो एक शब्दही बोलत नाही.

या पद्धतीला सर्वस्वी आंधळी म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अपंगत्व मोजण्याविषयी केंद्राने २००१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली आणि २०१८ मध्ये जी नव्याने अधिसूचित झाली, त्यांत हाताच्या अपंगत्वासाठी दहा कृतींची एक यादी आहे. उंचावरील वस्तू उचलून परत जागेवर ठेवणे, आपल्या पद्धतीने हाताने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, सदरा चढवणे, पेल्याने पाणी पिणे, गुंडी लावणे, नाडी किंवा धोतर बांधणे, लिहिणे अशा त्या कृती असून प्रत्येकीला ९ गुण आहेत. पायासाठीही उकिडवे बसणे, मांडी घालणे, जिना चढणे या गोष्टी तपासल्या जातात. यादी करणाऱ्यांना भारतीय घर ठाऊक होते, हे त्यावरून उघड दिसते. परंतु हे गुण पुढे सांध्यांच्या अंशांशी आणि स्नायूंच्या जोराशी एका सूत्राने मिसळले जातात आणि अखेरच्या आकड्यात विरघळून जातात. प्रमाणपत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्या माणसाला नाडी बांधता येते की नाही, हे कधीच कळत नाही. जे मोजले ते नोंदीतून नाहीसे व्हावे, ही मोजमापाची विचित्रच रीत म्हणावी लागेल.

मोजमापाची दुसरी परंपरा

रोजच्या कामांवरून माणसाची अवस्था मोजण्याची एक वेगळी परंपरा गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुनर्वसनाच्या आणि विशेषतः व्यवसायोपचाराच्या क्षेत्रात वाढली आहे. येथे ‘व्यवसाय’ हा शब्द पोटापाण्याच्या उद्योगापुरता घेऊन चालत नाही. आंघोळीपासून हिशेब लिहिण्यापर्यंत ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो, ती सारी त्यात येतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा कामांची एक पट्टी प्रसिद्ध केली : स्नान, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, खाटेवरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे. रुग्ण बरा होऊ लागला की ही कामे तो बहुधा एका ठरावीक क्रमाने परत मिळवतो. जेवणे आधी, स्नान शेवटी. लहान मूलही जवळजवळ याच क्रमाने स्वतंत्र होते, हे कॅट्झ यांच्या लक्षात आले होते.

पुढे १९६५ मध्ये मेरिलँड राज्यातील फ्लॉरेन्स माहोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी दहा बाबींचा आणि १०० गुणांचा निर्देशांक मांडला. बार्थेल यांच्या नावाने तो आज जगभरच्या रुग्णालयांत वापरला जातो. त्यात खाटेवरून खुर्चीत जाण्याला १५ गुण आहेत, चालण्याला १५, जिना चढण्याला १०, जेवण्याला १०, तर स्नानाला आणि दात घासणे, केस विंचरणे यांसारख्या नीटनेटकेपणाच्या कामांना प्रत्येकी ५. ही विषमता सहजासहजी आलेली नाही. एखादे काम रुग्णाला स्वतः करता आले नाही, तर दुसऱ्या माणसाचा किती वेळ आणि किती अंगमेहनत खर्ची पडते, या हिशेबाने हे गुण ठरविण्यात आले. म्हणजे दिसायला हे रुग्णाचे गुण असले, तरी त्यांच्या मुळाशी शुश्रूषा करणाऱ्याच्या श्रमाचे मोल आहे. अपंगत्व ही एका शरीरापुरती घटना नसून दोन माणसांमधील श्रमाचा व्यवहार आहे, हे या साध्या पट्टीने मान्य केले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळून पाहावे, याचे कारण हेच.

शंभर गुणांच्या पलीकडे

अर्थात कोणतीही पट्टी देव्हाऱ्यात बसविण्याजोगी नसते. पूर्ण १०० गुण मिळालेला माणूस एकटा राहू शकेल असे समजू नये, ही सूचना खुद्द माहोनी आणि बार्थेल यांनीच करून ठेवली आहे. त्याला परिचारकाची गरज नाही, एवढाच त्या गुणांचा अर्थ. स्वयंपाक, घर सांभाळणे, चार लोकांत वावरणे याविषयी निर्देशांक मौन पाळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये आठ कामांची दुसरी पट्टी तयार केली. टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचे व्यवहार ही ती आठ कामे. पण या पट्टीचा पूर्वापार वापर पाहिला तर एक गमतीदार गोष्ट आढळते. स्त्रियांना ८ पैकी गुण दिले जात आणि पुरुषांना ५ पैकी. स्वयंपाक, घरकाम आणि धुणे या तीन बाबी पुरुषांच्या हिशेबातून वगळल्या जात. ज्याने आयुष्यात चूल पेटवली नाही, त्याला चूल पेटवता येत नाही म्हणून परावलंबी कसे म्हणावे, ही अडचण त्यामागे होती. मोजपट्टी आपल्या समाजाचे संस्कार बरोबर घेऊनच जन्माला येते, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

मग परक्या समाजातील पट्टी जशीच्या तशी आणून येथे लावली तर काय होईल? हरियाणातील बल्लभगड परिसरात भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी ग्रामीण वृद्धांमधील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. अक्षरओळख नसलेल्या आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना टेलिफोन आणि बँकेचे व्यवहार विचारण्यात काय हशील? त्यांनी गावातील वृद्धांचे दिवस पाहिले आणि त्यांतून भारतासाठी दैनंदिन क्षमतांची स्वतंत्र पट्टी तयार केली. तिच्याविषयीचा प्रबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सून घरात आली की सासू स्वयंपाकातून निवृत्त होते आणि मुलगा कर्ता झाला की बाप बाजाराची पिशवी त्याच्या हाती देतो. हे मानाचे लक्षण आहे, आजाराचे नव्हे. ‘करत नाही’ आणि ‘करता येत नाही’ यांतील फरक ज्या प्रश्नावलीला ओळखता येत नाही, ती निरोग्याला आजारी ठरवील किंवा आजाऱ्याला निरोगी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात हाच विवेक तत्त्वरूपाने आला आहे. माणसाची अंगची क्षमता आणि प्रत्यक्ष परिस्थितीत तो काय करतो, या दोन गोष्टी तेथे वेगळ्या नोंदवल्या जातात आणि परिस्थिती हा मोजमापाचाच एक भाग मानला जातो. लादीवरील नळाखाली आंघोळ करणे वेगळे आणि विहिरीचे पाणी आणून बादलीतून तांब्याने अंगावर घेणे वेगळे. घरातील कमोड वेगळा. चाळीच्या गॅलरीच्या टोकाला असलेला सामाईक, उकिडवे बसण्याचा संडास वेगळा. ‘शौचालयाचा वापर : १० गुण’ या एका ओळीत हे दोन्ही बसवले, तर पट्टी तीच राहते आणि अर्थ बदलतो.

न हलणारा आकडा

टक्केवारीच्या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष याहून निराळा आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय सिद्ध केला. ‘जयपूर फूट’ म्हणून तो सर्वतोमुखी झाला. परदेशी पाय बुटात घालून सपाट फरशीवर चालण्यासाठी होते. या पायाने उकिडवे बसता येई, मांडी घालता येई, अनवाणी शेतात जाता येई. असा पाय बसवल्यानंतर शेतकऱ्याचा सारा दिवस पालटतो. त्याच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारी मात्र तसूभरही हलत नाही, कारण पाय जेथे कापला गेला होता तेथेच तो कापलेला आहे.

यातून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. जो आकडा मदत केल्याने बदलत नाही, तो मदत कोणाला द्यायची हे कदाचित सांगेल. मदतीचा उपयोग झाला की नाही हे तो कधीही सांगू शकणार नाही. शासन तीनचाकी सायकली वाटते, कुबड्या वाटते, शिबिरे भरवते आणि किती वाटल्या याची संख्या अहवालात छापते. सायकल मिळालेला माणूस आता स्वतः बाजारात जातो काय, की घराबाहेरच्या तीन पायऱ्यांमुळे ती सायकल पडवीत गंजत पडली आहे, याची नोंद घेणारा रकाना कोठेही नाही. संडासात दोन दांडे बसवल्याने एखाद्या वृद्धेला दुसऱ्याचा हात धरावा लागत नसेल, तर बार्थेल निर्देशांकावर तिचे गुण त्याच दिवशी वाढतात. शे-पाचशे रुपयांच्या खर्चाचे फळ आकड्यात दिसते. टक्केवारीच्या राज्यात असा खर्च करणाऱ्या ग्रामपंचायतीला शाबासकी मिळण्याची सोयच नाही. आणि ज्या खर्चाचे फळ मोजले जात नाही, तो खर्च अंदाजपत्रकात फार काळ टिकत नाही.

घरातील बिनपगारी श्रम

जेथे फळ मोजले जात नाही, तेथे भार कोणावर पडतो हेही कळत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे वयावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची देशव्यापी पाहणी केली. तीत कॅट्झ आणि लॉटन यांच्या धर्तीचे प्रश्न होते. साठी उलटलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांना स्नान, कपडे, चालणे यांसारख्या मूलभूत कामांपैकी निदान एकात अडचण होती. घरच्या व व्यवहाराच्या कामांपैकी एखाद्यात अडचण असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४८ टक्के होते. २०११ च्या जनगणनेने मात्र सर्व वयांत मिळून २.२१ टक्के लोकांनाच, म्हणजे सुमारे २ कोटी ६८ लाख व्यक्तींना, अपंग म्हणून मोजले होते. वयोगट निराळे आणि प्रश्नही निराळे, तेव्हा हे आकडे एकमेकांशी सरळ ताडून पाहता येणार नाहीत. परंतु अवयवाविषयी विचारले तर एक देश दिसतो आणि दिवसाविषयी विचारले तर दुसरा, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

या दुसऱ्या देशातील परिचारक कोण? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत कुटुंबीयांची बिनपगारी शुश्रूषा व सांभाळ करणाऱ्या स्त्रिया त्या कामी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देत असल्याचे दिसले. पुरुष ७६ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही आले. बिनपगारी घरकामात हा फरक २९९ आणि ९७ मिनिटांचा होता. २०२४ च्या पाहणीतही चित्र फारसे पालटलेले नाही. सासऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला की सुनेची शिकवणी किंवा शिवणकाम बंद होते, नातीची शाळा बुडते. हे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही, प्रमाणपत्रात येत नाही आणि म्हणून धोरणातही येत नाही. मेरिलँडच्या निर्देशांकाने परिचारकाचा वेळ गुणांच्या पायाशी ठेवला. आपल्या टक्केवारीत तो अस्तित्वातच नाही.

अर्थात केवळ मिनिटे मोजूनही भागत नाही. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सामाजिक विमा सुरू केला, तेव्हा दिवसाला किमान ९० मिनिटे मदत लागणारा माणूस पहिल्या श्रेणीत बसे. या घड्याळी हिशेबात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण मागे पडले. त्यांना हातपाय धड असल्यामुळे आंघोळ घालावी लागत नव्हती. पण ते रात्री दार उघडून निघून जात आणि घरच्यांना डोळ्याला डोळा लावता येत नव्हता. बऱ्याच वर्षांच्या वादानंतर २०१७ पासून त्या देशाने मिनिटांचा निकष सोडला आणि माणूस किती स्वावलंबी आहे यावरून पाच श्रेणी ठरवल्या. पट्टी चुकली तर ती बदलता येते. परंतु त्यासाठी ती रोजच्या जगण्याच्या इतकी जवळ असावी लागते की चूक दिसावी.

आक्षेप आणि मार्ग

कार्यक्षमतेची मोजमापे व्यक्तिनिष्ठ असतात, लोक मुद्दाम असमर्थता दाखवतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो निराधार नाही. पण टक्केवारीच्या पद्धतीतही ३९ आणि ४१ यांच्यामध्ये सारे भाग्य उभे असल्यामुळे तोच मोह आहे आणि तेथे तो अधिक बळावतो. पायऱ्यापायऱ्यांनी मदत वाढत गेली, तर एका गुणासाठी खोटे बोलण्याचे कारण कमी होते. शिवाय सांगीव माहितीवर विसंबण्याऐवजी माणसाला त्याच्याच घरात चहा करताना, जिना उतरताना, औषधाच्या गोळ्या वेगळ्या काढताना पाहण्याचे शिक्षण व्यवसायोपचारतज्ज्ञाला मिळालेले असते.

असे तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत असेही नाही. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. ते आशियातील पहिले मानले जाते. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. एवढा जुना वारसा असूनही या तज्ज्ञाचे घरी जाऊन केलेले निरीक्षण ही अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातील अनिवार्य पायरी आजही नाही. मानसिक आजारांच्या बाबतीत भारतीय मानसोपचार संघटनेने तयार केलेली आणि २००२ पासून शासनमान्य असलेली पट्टी स्वतःची निगा, माणसांशी वागणे, संवाद आणि काम अशा चार अंगांनी व्यक्तीकडे पाहते. म्हणजे आपल्या प्रशासनाला दिवस मोजता येतो; इतर अपंगत्वांच्या बाबतीत तो वेगळा नोंदवण्याचा निर्णय तेवढा बाकी आहे.

तेव्हा करावयाचे काय, हे फार गुंतागुंतीचे नाही. टक्केवारी एका रात्रीत रद्द करण्याची गरज नाही. नोकरीतील आरक्षणासारख्या गोष्टींसाठी कायमचा निकष लागतोच. परंतु प्रमाणपत्राच्या दुसऱ्या पानावर त्या व्यक्तीला कोणती कामे स्वतः करता येतात, कोणती मदतीने आणि कोणती मुळीच नाही, हे स्पष्ट शब्दांत यावे. मदत करणारी व्यक्ती कोण आणि तिचे किती तास जातात, हेही तेथे नोंदवावे. साधन किंवा घरदुरुस्तीचे अनुदान दिल्यानंतर सहा महिन्यांनी तीच नोंद पुन्हा घ्यावी आणि दोन नोंदींतील फरक हाच त्या योजनेचा निकाल मानावा. आशा सेविका घरोघर जो आरोग्यविषयक अर्ज भरतात, त्यात वृद्धांना जेवणे, कपडे, स्नान, चालणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय, हा प्रश्न आधीपासून आहे. ‘होय’ असे उत्तर आले की व्यवसायोपचारतज्ज्ञाची भेट ठरावी, एवढा दुवा जोडला तरी पहिली चाळणी फारशा नव्या खर्चाविना उभी राहील. २०१६ च्या कायद्याच्या ३८ व्या कलमाने अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी स्वतंत्र मूल्यमापन मंडळाची तरतूद केलेली आहेच. त्या मंडळाच्या हाती अशी नोंद पडली तर कलमाला अर्थ येईल.

आणि ही पट्टी मराठीत, मराठी घरांसाठी घडवावी लागेल. भाकरी थापणे, हंडा उचलणे, मोरीत बसून भांडी घासणे, एस. टी.ची उंच पायरी चढणे, शिधापत्रिकेच्या दुकानात रांगेत उभे राहणे, मोबाईलवर पेन्शनचा निरोप वाचणे ही तिच्यातील कामे असतील. कोणती कामे महत्त्वाची हे ठरवताना खुद्द त्या व्यक्तीला विचारावे, हे तत्त्व कॅनडातील व्यवसायोपचारतज्ज्ञांनी १९९१ मध्ये आपल्या मापनपद्धतीत आणले. एखाद्या निवृत्त शिक्षकाला स्वतःच्या हाताने आंघोळ करण्यापेक्षा सकाळी वाचनालयापर्यंत चालत जाणे मोलाचे वाटत असेल. त्याच्या नोंदीत वाचनालयाची वाट आधी यावी. राज्यातील व्यवसायोपचाराची महाविद्यालये, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचे विभाग यांनी मिळून दोन-तीन तालुक्यांत ही पट्टी तपासून पाहणे अवघड नाही. दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन करणाऱ्या महाराष्ट्राने हे काम प्रथम हाती घ्यावे. तोवर बीडच्या त्या मजुराला त्याचा आकडा ठाऊक असेल. त्याच्या गरजेची नोंद मात्र कोणत्याच दप्तरात सापडणार नाही.